हळदीच्या मोंढ्यातलं नाक

सकाळी दहाच्या आत आमच्या घरात फोडणी द्यायला बंदी होती. खोल्या दोन, त्याही भाड्याच्या, वर पत्रे, आणि अटी मात्र बघा! किल्ली देताना घरमालक दारात उभे राहून माझ्या याडीला म्हणाले, "बाई, भाकरी थापा, भात शिजवा, पाहुणे आणा, माझं काई म्हणणं न्हाई. पण मी मोंढ्याला निघायच्या आत तेलात हिंग-मोहरी पडायची न्हाई. उदबत्ती न्हाई. वासाचं तेल न्हाई. जमत असंल तर राहा."

आम्ही बंजारा तांड्यातली माणसं आईला याडी म्हणतो. माझी याडी वसमत डेपोत एसटीची कंडक्टर. तिची पहिली गाडी सहाला सुटायची, म्हणजे डबा पाचला. ती माझ्याकडं बघायला लागली, मी तिच्याकडं. असला घरमालक आम्ही जन्मात बघितला नव्हता. पण डेपो चालत पाच मिनिटांवर होता आणि नळाला पाणी होतं, म्हणून राहिलो. याडी आदल्या संध्याकाळी वाटीत फोडणी करून ठेवायची आणि पहाटे ती गारढोण फोडणी वरणावर ओतायची. ते वरण खाऊन मी अकरावी, बारावी आणि पुढं रोज जाऊन-येऊन नांदेडचा हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला. आज कुणी मला 'तू एवढी चिडकी काहून गं?' विचारलं की मी त्या वरणाचं नाव सांगते.

हे सगळं घरमालकांच्या, म्हणजे काकांच्या, नाकासाठी चाललेलं. मोंढा म्हणजे शेतमालाचा बाजार, आणि वसमतचा मोंढा म्हणजे हळद. लिलाव सुरू व्हायच्या आधी काका ढिगांमधून चालत जायचे. एखादं हळकुंड उचलायचं, कानाजवळ धरून कट्टकन मोडायचं, मोडलेल्या जागेचा रंग बघायचा आणि मग नाकाला लावायचं. "शिजताना पाणी कमी पडलं." "नीट वाळली न्हाई, घाईनं बारदानात भरली." "ही चांगली हाय, हिला नावं ठेवू नका." एवढंच बोलायचे आणि पुढच्या ढिगाकडं जायचे. त्यांचा शब्द शेतकऱ्यालाही चालायचा आणि आडत्यालाही, कारण ते स्वतः एक कांडीसुद्धा विकत घ्यायचे नाहीत. अख्ख्या मोंढ्यात त्यांना नावानं कुणी ओळखत नव्हतं. "नाक आलं का?" "नाकाला विचारा की!" असंच चालायचं. त्या शब्दाचे दोन्हीकडून थोडे पैसे मिळायचे, त्यावरच त्यांचं घर उभं होतं.

गळ्यात तुळशीची माळ, अंगात पांढरा सदरा, तळहात कायमचे पिवळे. दर एकादशीला नरसीला देवदर्शनाला जाऊन यायचे. चहाच्या टपरीवर कप नाकाशी नेऊन "आधी ह्या भांड्यात कांदा ठेवला होता" म्हणत परत करायचे, आणि टपरीवाला कपाळाला हात लावायचा, कारण ते खरं असायचं. सगळ्यात जास्त चीड गुलाबाची. एका लग्नात नवरदेवाच्या मामानं हौसेनं त्यांच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडलं. काका नाकाला उपरणं लावून, अक्षता पडायच्या आत, न जेवता घरी! काकू मागून एकट्या आल्या आणि दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

कोरोनात काकांना ताप आला. पंधरा दिवस नांदेडला दवाखान्यात होते. वाळून काठी होऊन परत आले, पण मोंढा उघडला त्या दिवशी सदरा घालून हजर. आम्हाला वाटलं, एवढ्या आजारातून उठलेला माणूस, आता जरा मऊ होईल. कसचं काय! फोडणीची बंदी आणखी कडक झाली. आणि एक नवीनच खूळ सुरू झालं.

संध्याकाळ झाली की भिंतीपलीकडून हाक यायची, "पोरी, ये इकडं." उद्याच्या लिलावाचा माल आदल्या दिवशीच मोंढ्यात येऊन पडायचा. त्यातली चार-चार हळकुंडं काका रुमालांच्या गाठींत बांधून घरी आणायचे. ओट्यावर बसून एक मोडायचे, अर्धं मला द्यायचे, अर्धं स्वतःच्या नाकाला लावून म्हणायचे, "काय वास येऊन राहिला? सांग."

"तुमी सांगा ना, तुमी नाक."

"आधी तू."

मी सांगायची. माती, धूर, ओलं पोतं, काय येईल ते. मग ते माझ्याकडं टक लावून बघत "बराबर" म्हणायचे, नाहीतर "परत हुंग." मला वाटायचं, म्हातारपणी गुरुजी व्हायची हौस आली. कधी मन लावून हुंगायची, कधी कंटाळून मोबाईल बघत तोंडाला येईल ते ठोकून द्यायची. चार हंगाम हेच चाललं. एकदा काकू नरसीला गेल्या होत्या आणि त्यांच्या गॅसवर दूध करपून कोळसा झालं. मी आमच्या घरातून धावत गेले, तर काका शेजारीच पेपर वाचत बसलेले. मी म्हटलं, "काका, घरी आल्यावर नाकाला सुट्टी असती का?" ते म्हणाले, "पेपरात होतो गं." मला खरं वाटलं.

मग माझा डिप्लोमा संपला. तीन हॉटेलांत मुलाखती दिल्या, तिन्ही ठिकाणी 'बोलणं गावाकडचं आहे' म्हणून परत पाठवलं. तिसऱ्या वेळी तर बसस्टँडवर बसून रडले. तेवढ्यात कॉलेजातल्या सरांनी नाशिककडच्या एका द्राक्षमळ्याचं सुचवलं. तिथं वाईन करतात, पाहुणे बघायला येतात, त्यांच्या हातात ग्लास देऊन त्या वाईनविषयी सांगायला माणूस लागतो. निवडीच्या दिवशी एक अनोळखी लाल वाईन पुढं ठेवणार आणि म्हणणार, पाच मिनिटं बोला. माझ्याकडं दहा-बारा दिवस होते. वाईन मी उभ्या जन्मात बघितली नव्हती. आमच्याकडच्या वाईन शॉपात सगळं मिळतं, फक्त वाईन मिळत नाही.

शेवटी नांदेडच्या एका मैत्रिणीनं बाटली मिळवून दिली. मी ती टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातली, आणि नशीब बघा, परतीची गाडी नेमकी याडीची! खड्ड्यात गाडी आदळली आणि पिशवीतली बाटली जेवणाच्या डब्यावर वाजली. याडीनं तिकिटं फाडता फाडता माझ्याकडं एकदा बघितलं. घरी आल्यावर टॉवेल सोडला आणि मटकन खाली बसली.

"तांड्याला लोक दारूवाल्यांचा तांडा म्हणतेत. ते ऐकू येऊ नये म्हणून मी खाकी घातली. अन् तू माझ्याच गाडीतून बाटली घेऊन येऊन राहिली?"

"याडी, प्यायची न्हाई गं. बोलायचं हाय नुसतं!"

"दारूसंगं कोण बोलतं का?"

आवाज वाढला आणि दारात काका उभे. गळ्यात माळ, नजर बाटलीवर. गेली खोली, म्हटलं. आता सामान बाहेर. काकांनी सगळं ऐकून घेतलं, बाटली उचलली, उजेडात धरली आणि म्हणाले, "उघड."

याडीचा आ वासलेला. माझाही.

"बाई, मी रोज शंभर ढीग हुंगतो. एक तरी ढीग घरी आणतो का? पोरगी हुंगणार हाय, पिणार न्हाई. अन् माळ बाटते ती पिल्यानं, हुंगल्यानं न्हाई." मग माझ्याकडं वळून, "काचेचा ग्लास आण. धुऊन. साबण लावू नको."

दुसऱ्या दिवसापासून रुमालांच्या गाठी पटकन उरकून ओट्यावर वाईन यायला लागली. शेजारपाजार कुंपणावरून बघायचा. माळकरी म्हातारा आणि तांड्याची पोरगी, मधे लाल ग्लास! मी मोबाईलवरून पाठ केलेलं सुरू केलं, "ह्या वाईनमध्ये ब्लॅकबेरी, चेरी आणि देवदाराचा..."

"थांब. ब्लॅकबेरी बघितली का कधी?"

"न्हाई."

"मग ती तुला भेटली कुठं?"

मला असा राग आला! म्हटलं, "पुस्तकात असंच असतंय. मोठी माणसं असंच बोलतेत."

"मोठ्या माणसांनी ती खाल्ली असंल. तू तुझ्या घरातलं सांग. न्हाई आला वास तर न्हाई आला म्हण. पण न आलेला वास सांगू नको. ते पाप हाय."

ते धोतराचा पांढरा सोगा ग्लासामागं धरायचे आणि रंग बघायला लावायचे. मग ग्लास हळूच फिरवायचा, नाक आत घालायचं, तोंड मिटून तीनदा हुंगायचं. पहिल्यांदा नुसतं हुंगायचं, बोलायचं नाही. दुसऱ्यांदा आठवायचं, हे आधी कुठं भेटलं होतं. तिसऱ्यांदा खात्री करायची. मी एक घोट तोंडात घेऊन तांब्यात थुंकायची, तेव्हा याडी देवाला हात जोडायची. पहिल्या दिवशी मला नुसतं आंबट आणि दारू कळलं. तिसऱ्या दिवशी जांभळाच्या सालीचा वास आला. पाचव्या दिवशी मी एकदम ओरडले, "काका, लोखंडी कढई! घासून उन्हात पालथी घातल्यावर येतो ना, तो!" मला वेड लागायचं बाकी होतं, एवढा आनंद झाला. काका माझ्या तोंडाकडं बघत होते. म्हणाले, "बराबर."

सहाव्या दिवशी माझ्या अंगात आलं. बाटली संपत आली होती, आणि मला मस्करी सुचली. काका चष्मा आणायला आत गेले, तेवढ्यात मी ग्लासातली वाईन फेकून दिली आणि त्यात गुलाबाचं लालभडक सरबत ओतलं. आता हे किंचाळतात, म्हणून तोंडावर ओढणी धरून बसले. काका आले. ग्लास उचलला, फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले. एकदा. दोनदा. तीनदा.

"बराबर," ते म्हणाले. "कालच्यापेक्षा मोकळी झाली. तू सांग आता."

मी हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. गुलाबाचा वास ओट्यावर नुसता घमघमत होता. काकू दारात तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात सुपातच थांबला. त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली, नको, बोलू नको. पण काकांनी माझं तोंड बघितलंच.

"काय घातलंस ह्यात?"

"गुलाबाचं सरबत."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. पिवळे तळहात धोतराला पुसले. मग म्हणाले, "कोरोनात ताप आला होता ना. ताप गेला. नाक काई परत आलं न्हाई."

बाई गं! आधी वाटलं, बिचारे. आणि मग डोक्यात वीज चमकल्यासारखे ते रुमाल आठवले. चार हंगाम. रोज संध्याकाळी.

"म्हणजे मी जे सांगायची ते तुमी मोंढ्यात जाऊन सांगत होता?"

"व्हय."

"लोकांच्या मालाचा भाव माझ्या तोंडावर ठरत होता? अन् मला पत्ता न्हाई? काका, तुमी मला शिकवत न्हवता, वापरून राहिला होता!"

"हळू बोल गं," काकू कळवळून म्हणाल्या. "मोंढ्यात कळलं तर संपलं आमचं. माझं नाक तपकिरीनं मेलेलं. दुसरं कोण होतं त्यांना?"

मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. मला एकच आठवत होतं. मागल्या हंगामात आमच्याच भागातल्या पुसेगावच्या एका शेतकऱ्याची हळद होती. रुमाल सोडताना काका म्हणाले होते, पहिल्यांदाच हळद लावलीय त्यानं. मी मोबाईलवर काहीतरी बघत होते. मी न हुंगताच ठोकून दिलं होतं, "कुबट हाय." एका माणसाचं वर्ष मी न बघता उडवून दिलं होतं. मी रडायला लागले. कसंबसं विचारलं, "त्या पुसेगावच्या ढिगाचं काय केलं तुमी?"

"त्या दिवशी मी तुझं ऐकलं न्हाई."

"काहून?"

काकांनी बोट माझ्या नाकाजवळ आणलं. "वास खरा येतो ना, तवा माणसाच्या इथं, नाकपुडीच्या कडेला, बारीक सुरकुती पडती. शब्द मागून येतात. चार हंगाम मी तुझे शब्द ऐकले न्हाईत, पोरी. ही सुरकुती बघितली. त्या दिवशी ती पडली न्हाई. मग मी सकाळी एका आडत्याच्या नाकाला ते हळकुंड लावलं अन् त्याचं तोंड बघितलं. चांगली होती हळद."

सुटकाही वाटली आणि लाजही. त्याहून जास्त धक्का बसला. एवढे दिवस मला वाटायचं मी ह्या म्हाताऱ्याला फसवते, आणि हा माझ्या नाकाची एकेक सुरकुती वाचत बसला होता!

थोड्या वेळानं राग उतरला आणि मग खरी गोष्ट ध्यानात आली. "काका, मी नाशिकला गेल्यावर तुमचं काय?"

"ते तू बघू नको. उद्या बस. शेवटचा वास अजून पक्का न्हाई तुझा."

आणि पुढचे दोन्ही दिवस त्यांनी मला बसवलं. ज्या पोरीवर त्यांचं घर चालत होतं, तिला घराबाहेर जायचं शिकवत होते. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं.

नाशिकला आम्ही पाच जण होतो. पुढं एक लाल वाईन, नाव मला वाचताही येईना. माझ्या आधीच्या पोरानं ब्लॅकबेरी, चेरी, देवदार, चॉकलेट, सगळं धडाधड म्हणून दाखवलं. माझी पाळी आली. मी ग्लासामागं कागद धरला. एकदा हुंगलं, गप्प. दुसऱ्यांदा हुंगलं, गप्प. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी घड्याळाकडं बघितलं. तिसऱ्यांदा हुंगून मी म्हटलं, "मला तीन वास आले. करवंद, पिकलेलं, चिकासकट. पावसाळ्यात कपाटात ठेवलेली कातडी चप्पल. आणि तुरीच्या काड्यांच्या चुलीचा धूर, पण चूल विझल्यानंतरचा. चौथा आल्यासारखा वाटतोय, पण खात्री न्हाई, म्हणून सांगत न्हाई. तोंडात घेतल्यावर जीभ कातानं आवळावी तशी आवळली."

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी तो ग्लास स्वतःकडं ओढला, पुन्हा हुंगला आणि विचारलं, "तुम्ही कुणाकडं शिकलात?"

"वसमतच्या हळदीच्या मोंढ्यात."

संध्याकाळी त्यांनी मला निवडल्याचं सांगितलं. पंधरा दिवसांत रुजू व्हायचं. माझं गावाकडचं बोलणं तसंच ठेवा, असंही म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तसं म्हटलं, आणि मला धड आनंदही करता येईना. येताना अख्खा प्रवास मी एकच वाक्य घोकत आले.

काका ओट्यावर बसले होते. मी पिशवी ठेवली आणि म्हटलं, "नापास."

ते बघत राहिले. "परत म्हण."

"नापास झाले काका. न्हाई घेतलं. आता हंगामाची गर्दी तोंडावर आलीय, रुमाल आणत जा, बसू आपण."

काकांनी चष्मा काढून पुसला. "पोरी, तुझ्या नाकपुडीनं चार हंगाम माझं पोट भरलं. मी तिला ओळखत न्हाई का?"

"मी न्हाई जाणार!" मी ओरडले. "मी ठरवलंय. तुमचं चालणार न्हाई ह्यात काई."

त्यांनी चष्मा परत डोळ्याला लावला. उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी याडीची सुट्टी होती. काका धुतलेला सदरा घालून रोजच्या वेळेला मोंढ्याला गेले, आणि साडेअकराला परत आले. तीनच्या आत घरी आलेलं त्यांना कुणी कधी बघितलं नव्हतं. याडी चुलीपाशी वरणाला फोडणी देत होती. ती दचकली, सवयीनं कढई उतरवायला लागली.

"राहू द्या, बाई," काका दारातून म्हणाले. "उद्यापासून फोडणी कवाबी देत जा. पहाटे पाचला सुद्धा."

याडीच्या हातात पळी तशीच. "काहून? मोंढ्याला जायचं न्हाई का उद्या?"

"जाईन की. चहा प्यायला." त्यांनी उपरणं खांद्यावर नीट केलं. "लिलाव थांबवला अन् सगळ्यांना सांगून आलो. नाक गेलंय माझं, चार वर्सं झाली. इतके दिवस दुसऱ्याचं होतं, अन् ते आता नाशिकला चाललंय."

पलीकडं काकूंच्या हातातलं भांडं पडलं. मी भिंतीला टेकून उभी होते. चाळीस वर्षांचा शब्द ह्या माणसानं एका सकाळी स्वतःच्या हातानं मोडून टाकला होता, मला मागं राहायला कारण उरू नये म्हणून. मला त्यांना शिव्या द्यायच्या होत्या. पायाही पडायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पाचला याडीनं खरंच तेल तापत ठेवलं. मोहरी तडतडली आणि मला जाग आली. काका ओट्यावर येऊन बसलेले, मोंढ्याचा सदरा अंगात नाही, नुसती बंडी. मला बघून त्यांनी बाजूची फरशी हातानं पुसली. मी बसले.

"काय वास येऊन राहिला?" ते म्हणाले. "सांग."

"मोहरी," मी म्हटलं. "हिंग. आता कढीपत्ता टाकला. लसूण जरा जास्त लाल झालाय."

मला रडू आवरत नव्हतं. काका माझ्या नाकपुडीकडं बघत होते.

"बराबर," ते म्हणाले.